अण्णांचा मेल अण्णांनीच वाचावा

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक दार उघडतं तेव्हा 'या, बसा' म्हणत नाही. 'मी काहीच केलं नाही हं, आपोआप झालं,' असं म्हणतं. कॉम्प्युटर बंद पडला, आपोआप. नातवंडांचे फोटो गेले, आपोआप. कीबोर्डच्या बटणांतून रव्याच्या लाडवाचा चुरा निघाला, तोही बहुधा आपोआपच. इतक्या वर्षांत 'माझ्या हातून बिघडलं' असं फोनवर स्वतः म्हणणारा एकच माणूस भेटला, आणि गंमत म्हणजे त्याच्या हातून खरंच काही बिघडलेलं नव्हतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझा धंदा काय ते सांगते, नाहीतर कुणाला वाटायचं मी मोठी इंजिनिअर आहे.

मी मंगल. माहेर निपाणीचं, सासर हुबळीचं, संसार सगळा बेंगळुरूत, बनशंकरीला. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि गिऱ्हाइकाशी त्याला येईल ती भाषा. स्कूटरवरून घरोघरी जायचं आणि लोकांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन सरळ करून द्यायचे, एवढंच माझं काम. आता कंबर कुरकुरते म्हणून निम्मं सोडलंय. बसवनगुडी, जयनगर ह्या भागात माझी घरं. हे गाव साऱ्या जगाचे कॉम्प्युटर चालवतं म्हणे. चालवत असेल. घरातल्या म्हाताऱ्याचा प्रिंटर चालवायला मात्र मंगलला बोलवावं लागतं, कारण मुलगा जगाचे कॉम्प्युटर चालवायला सकाळीच गेलेला असतो.

ह्या घरांतून पासवर्ड ही काही गुप्त गोष्ट नसते. प्रसादासारखा तो सगळ्यांना वाटलेला असतो. कुलदेवीचं नाव आणि पुढे थोरल्या मुलाचं जन्मसाल, झाला पासवर्ड. एका काकूंना मी म्हटलं, "मला सांगू नका, तुमचं तुम्ही टाका." तर त्या दुखावल्याच. "तू काय परकी आहेस काय ग?" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला. त्यावर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं जिन्यातून दुरुस्ती केली, "काकू, शेवटी एक चांदणी पण आहे." आता बोला!

तर मेलच्या कंपन्यांनाही हे कुठूनतरी कळलं असणार. त्यांनी एके दिवशी जाहीर केलं की नुसता पासवर्ड यापुढे चालायचा नाही. पासवर्ड टाका, वर तुमच्या फोनवर आम्ही एक कोड पाठवू, तोही टाका, मग आत घेऊ. बरोबरच होतं त्यांचं, चोऱ्या काय थोड्या होत होत्या? पण खूप जणांच्या कॉम्प्युटरवर मेल आणणारा जुना प्रोग्रॅम असतो. त्याला बिचाऱ्याला एकच गोष्ट येते, नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा आणि मेल उचलून आणायचे. कोड मागितला की तो गोंधळतो. मग तो मालकालाच सांगतो, तुमचा पासवर्ड चुकीचा आहे. मालक पुन्हा तोच पासवर्ड टाकतो, पुन्हा चूक. त्या दिवसांत माझा फोन तापलेलाच असे. एक निवृत्त प्राध्यापक तर कंपनीला खरमरीत मेल लिहायला बसले, आणि तो मेल जाईना म्हणून त्यांनी मला बोलावलं.

ह्याच्यावर उपाय आहे, आणि तो काही अवघड नाही. आधी फोनवर कोड येण्याची सोय चालू करून घ्यायची. मग कंपनी त्या जुन्या प्रोग्रॅमपुरता एक वेगळा पासवर्ड देते, लांबलचक, काही अर्थ नसलेली अक्षरं. तो एकदा त्या प्रोग्रॅमात टाकला की पुन्हा पहिल्यासारखं सगळं सुरू. कामवाल्या बाईला आपण घराची किल्ली देत नाही, मागच्या दाराची देतो, तसं. अर्ध्या तासाचं काम, वर फिल्टर कॉफी. पण आधी तो कोड यायला हवा, आणि आपल्याच फोनवर यायला हवा. सगळं घोडं पेंड खातं ते इथं.

वसंतअण्णांचा फोन त्याच दिवसांतला.

"मंगलबाई, माझ्या हातून काहीतरी बिघडलंय. सवडीनं या. पण स्वल्प लवकर या."

अण्णांना जन्मापासून दिसत नाही. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी ऐकून पुण्याच्या माणसाला घाम फुटेल, पण बोलण्यात इतका गोडवा की ऐकत राहावं. बसवनगुडीत दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. पत्नी सुधाबाई वारल्यापासून अण्णा आणि मुलगा श्रीकांत, दोघंच. सगळ्यांसारखा मुलगाही त्यांना अण्णाच म्हणतो.

त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून बोलणारा प्रोग्रॅम आहे. कानाला हेडफोन लावून, माउसला हातसुद्धा न लावता ते सगळं बटणांवर करत. ते पूर्वीपासून एकच मेल-प्रोग्रॅम वापरत. कुठलं बटण किती वेळा दाबलं की कुठं पोचतो, हे त्यांच्या बोटांना पाठ. नवीन आलं की ते सगळं गेलं, हे डोळस माणसाला चटकन कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे कुणी रातोरात हलवले आणि वरचा दिवाही काढून नेला, तर काय होईल? तसं ते असतं.

मी गेले तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "रोज म्हणतंय पासवर्ड चुकीचा. मी तर तोच टाकतोय. वय झालं, काही सांगता येत नाही, बोट घसरत असेल."

"बोट नाही घसरलं अण्णा, कंपनी घसरलीय," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

आधी आम्ही कंपनीच्या पानावर थेट शिरायचा प्रयत्न केला. ते पान म्हणालं, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, खालच्या चित्रांतून बसगाड्या निवडा. मी ते वाचून दाखवलं. अण्णा खो-खो हसले. "मला दिसत नाही हे सिद्ध करायला सांगा, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. माणूस आहे हे कसं सिद्ध करू हो?" बसगाड्या मीच निवडल्या. पण रोज निवडायला मी थोडीच असणार होते?

म्हणून मी सहज म्हटलं, "श्रीकांतला सांगितलंत का? तो तर ह्याच कामातला."

"सांगितलं ना. तो म्हणाला, अण्णा, ते जुनं डबडं सोडा. तुमचा मेल मी माझ्या फोनवर घेतो. रोज जेवताना वाचून दाखवतो, तुम्ही उत्तर सांगा, मी लिहितो."

"सोन्यासारखा मुलगा आहे. मग अडचण काय?"

घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी अण्णांनी आवाज खाली आणला. "मैसूरला एक बाई आहेत, मंगलबाई. सरोजबाई. अंधशाळेत शिकवत होत्या. त्यांनाही दिसत नाही. आम्ही रोज एकमेकांना लिहितो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. न दिसणाऱ्या पेन्शनरांचा मेलवर एक गट होता, तिथं ओळख झाली. दोघांची घरची भाषा मराठी. सरोजबाईंना अलीकडे ऐकूही येईनासं झालंय. त्यांच्याकडे बोटांखाली ब्रेलचे टिपके उठणारं यंत्र आहे, त्यावर त्या मेल वाचतात. फोनवर बोलायचा मार्ग त्यांना उरलेला नाही. बाहेरच्या जगातून काही आत यायचं तर ते त्या टिपक्यांतूनच.

"लिहितो काय म्हणाल तर काही नाही. आज हुळीत, आमटीत हो, मीठ जास्त पडलं. आज खाली शेंगावाला भांडत होता. असलंच. आता आठवडा होऊन गेला, माझा एक शब्द गेलेला नाही. त्यांना वाटत असेल म्हातारा गेला. आणि गेला असता तरी कळवणारं कोण आहे त्यांना?"

"श्रीकांतला ठाऊक नाही?"

"नाही. पाप नाही हो ते. पण माझं आहे. आईचा विषय निघाला की श्रीकांत अजून पाणी प्यायला म्हणून उठतो. त्यानं ताटावर बसून त्या बाईंचं पत्र मला वाचून दाखवायचं? त्यापेक्षा मेल बंद झालेला बरा."

मी एरवी फटकळ बाई. पण त्या वेळी सल्ला द्यायचा मोह आवरला. मग मी बाही वर सारली आणि म्हटलं, "बंद कशाला होतोय? करू या."

कोड पाठवायला सांगितला. कंपनीनं कळवलं, कोड पाठवला आहे, आणि फोन नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवले. मी ते वाचले. अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. "अय्यो देवा. हा तर अक्काचा नंबर."

आता मालतीअक्का कोण ते सांगायला हवं. अण्णांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या घरातलं, राहायला जयनगरला. ह्या कुटुंबाची एक पद्धत होती. कुठंही फोन नंबर मागितला की अक्काचा द्यायचा. कारण काय, तर ती कायम घरी असते आणि फोन कधी बंद ठेवत नाही. गॅसचा, विम्याचा, बँकेचा, भाच्याच्या पासपोर्टाचा, पाच घरांचे सगळे कोड जयनगरला अक्काच्या फोनवर. कुणाला काही करायचं झालं की आधी अक्काला फोन लावायचा. त्यामुळे कुणी काय विकत घेतलं, कुणी कुठलं तिकीट काढलं, कुणी कर्ज फेडलं, अक्काला सगळ्यांच्या आधी कळायचं. पूर्वी घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला किल्ल्या असत, हिच्या हातात ओटीपी. अण्णांचा मेल पहिल्यांदा सुरू करून दिला तो एका पुतण्यानं, आणि त्यानंही रीतीप्रमाणे अक्काचाच नंबर घातला होता.

अण्णांनी फोन लावला.

"अक्का, तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल बघ."

"आधी सांग, जेवलास?"

"जेवलो. नंबर सांग."

"काय होतं जेवायला?"

"हुळी-भात. अक्का, नंबर!"

"थांब, बघते." आणि फोन कट. चालू फोनवर निरोप कसा बघायचा हे अक्काला ठाऊक नव्हतं. आधी फोन ठेवायचा, मग चष्मा शोधायचा, मग निरोप शोधायचा, मग परत फोन करायचा. तोवर कोडाची मुदत संपलेली. दुसऱ्यांदा तिनं मोठ्या आत्मविश्वासानं जो नंबर वाचला तो कुणाच्यातरी गॅस सिलेंडरचा निघाला. तिसऱ्यांदाही उशीर झाला, आणि कंपनीनं हात वर केले. फार प्रयत्न झाले, आता उद्या या.

मला तर हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. अक्काला मात्र संशय आला. "वसंता, एवढी घाई कसली? कुणी फसवत तर नाही ना तुला? पेपरात रोज येतं." आणि तिनं थेट श्रीकांतच्या ऑफिसात फोन लावला.

मी सॅक भरत होते तोच श्रीकांत घाईघाईनं जिना चढून आला. मुलगा गुणाचा, पण घाबरलेला. "मावशी, काय चाललंय? अक्का म्हणतेय अण्णांचे कोड कुणीतरी मागतंय."

"मीच मागतेय. त्यांचा मेल सुरू करतेय."

"पण कशाला एवढा खटाटोप? मी सांगितलंय ना, मी वाचून दाखवीन. माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे."

अण्णा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. फोनवर अख्ख्या बँकेला बोलतं ठेवणारा तो माणूस पोटच्या मुलासमोर एक शब्द बोलू शकत नव्हता. मला ते बघवेना. खरं तर माझ्या धंद्याचा पहिला नियम, लोकांच्या घरच्या गोष्टींत तोंड घालायचं नाही. लोकांची उघडी पत्रं, फोटो, बँकेचे हिशेब रोज समोर येतात. बघायचं नाही, बघितलं तर विसरायचं, आणि मत तर मुळीच द्यायचं नाही. पण जिभेला हाड नाही माझ्या.

मी हात पुढे केला. "श्रीकांत, तुझा फोन दे बघू."

"का?"

"कालपासून तुला आलेले सगळे मेल मोठ्यानं वाचते. सगळे निरोपसुद्धा. अण्णा ऐकतील, मीही ऐकेन. पाच मिनिटांचं तर काम आहे."

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. "तसं नाही मावशी..."

"मग कसं?"

तो हसायला गेला, पण ते हसू मधेच विरलं. त्यानं अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता हा म्हणणार, मावशी, उद्यापासून येऊ नका. पण तो म्हणाला, "अण्णा, चुकलंच माझं. मला वाटलं तुमचं काम वाचेल." आणि लगेच, "उद्या काय मदत करू ते सांगा."

खरं सांगते, त्या पोराला त्या क्षणी मी मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. मोठ्या शिकलेल्या मुलांना बापाचं सगळं आपल्या हातात घ्यायला जमतं, पण काही न विचारता त्याचं त्याच्यावर सोडून द्यायला जमत नाही. ह्याला ते जमलं.

अक्कानं जिने चढून बसवनगुडीला यावं म्हणावं, तर तिचे गुडघे. तिचा फोन तेवढा आणावा, तर ती ऐकेना. "फोन घरातून हलला तर बाकीच्या चार घरांचं काय?" आणि कोड टाकायचा होता तो अण्णांच्याच कॉम्प्युटरवर, कारण नवं यंत्र दिसलं की कंपनी आणखी बिथरते. मग आम्ही असं ठरवलं की अण्णांनी आपला फोन घेऊन अक्काशेजारी बसायचं. कोड अक्काच्या फोनवर येईल, ती वाचेल, अण्णा त्यांच्या फोनवरून मला सांगतील, आणि इकडे मी टाकेन. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांतनं त्यांना ऑटोनं जयनगरला सोडलं आणि तो तसाच ऑफिसला गेला. घराची किल्ली माझ्याकडे दिली.

मी त्या रिकाम्या घरात कॉम्प्युटरसमोर बसले आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"बोला, लाइनवर आहे," अण्णांचा आवाज आला. तो आवाज निराळाच होता. नोकरीतला असणार, स्वच्छ, घाई नसलेला. मी म्हटलं, "कोड सोडतेय." दाबलं बटण.

तिकडे टुंग वाजलं. पण अक्का वाचेना. मला सगळं ऐकू येत होतं.

"वसंता, आधी सांग, हे कशाला पाहिजे? तुझं सगळं मला ठाऊक असतं."

"अक्का, वेळ जातोय."

"जाऊ दे वेळ. श्रीकांतला विचारलं, तो म्हणतो मला विचारू नको. मंगलला विचारलं, ती म्हणते वायर सैल आहे. मला काय कुकुलं बाळ समजता?"

(वायरचं मी खरंच बोलले होते. सकाळी तिचा फोन आला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.)

पडद्यावर मुदतीचा काटा सरकत होता. मग अण्णा हळूच म्हणाले, "अक्का, ही एक गोष्ट नको विचारूस."

ह्या बाईनं ह्या भावाचा हात धरून त्याला शाळेत नेलेलं, रस्ता ओलांडायला शिकवलेलं. त्यानं तिच्यापासून काही लपवायची ही पहिलीच वेळ असावी. ती आता काय बोलणार ह्याचा मला अंदाज येईना.

"सरी, बरं," अक्का म्हणाली. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. "घे. एरडु... ओंबत्तु... हा सात आहे की एक?"

"अक्का, आडवी रेघ वर आहे?"

"आहे."

"सात. दोन, नऊ, सात. लाइनवर राहा मंगलबाई."

अक्का कन्नडमधून अडखळत वाचत होती आणि अण्णा तिच्या मागोमाग मराठीतून मला देत होते, एकही आकडा इकडचा तिकडे न करता. शेवटचा आकडा टाकला, बटण दाबलं, आणि पान उघडलं. मी अशी काही ओरडले की शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

मग पटापट बाकीचं केलं. अक्काचा नंबर काढून अण्णांचा घातला. त्यांचा फोन आलेला निरोप बोलून दाखवतो, म्हणजे आता कोड आला तर त्यांना स्वतःला ऐकू येणार. तसं मी फोनवर सांगितलं, तेव्हा अक्काचा आवाज आला, "म्हणजे तुझे नंबर आता मला येणार नाहीत?"

"नाही अक्का."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "मग जेवायला तरी येत जा."

जुन्या प्रोग्रॅमासाठीचा तो वेगळा लांबलचक पासवर्ड काढला आणि आत टाकला. आणि अडलेले मेल धडाधड खाली उतरायला लागले. बँक, वीजबिल, जाहिराती, आणि मधून मधून एकच नाव, सरोज, सरोज, सरोज. बघायचं नाही म्हटलं तरी विषयाची एक ओळ डोळ्यांत शिरलीच. 'आहात ना?' एवढंच होतं. मी उठून पडद्याची वायरच ओढून काढली. अण्णांना त्या पडद्याचा काय उपयोग? तो होता आमच्यासारख्यांसाठी.

अण्णा परतले ते अक्कानं दिलेला चित्रान्नाचा डबा घेऊन. कपडे न बदलता खुर्चीत बसले आणि हेडफोन चढवला. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करत बसले, मुद्दाम भांडी वाजवत. खूप वेळानं त्यांची हाक आली. त्यांचे गाल ओले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"मंगलबाई, त्या आहेत. बऱ्या आहेत."

"आणि तुम्ही आहात हे कळवलंत का?"

"आधी तेच कळवलं." मग त्यांनी हात जोडले, माझ्या दिशेनं, अगदी अचूक. "तुमचे उपकार कसे फेडू?"

मी नेहमीसारखं काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेली. पण उपकार कुणाचे कुणावर? निपाणीहून आलेली मी एक बाई, हातात पदवी ना काही. ह्या गावानं मला घरोघरी उंबऱ्याच्या आत घेतलं. जे मुलाला सांगवत नाही, बहिणीला सांगवत नाही, ते मला सांगितलं. लोक म्हणतात तू लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस. मला विचाराल तर लोकांनी मलाच वेळोवेळी ताळ्यावर आणलंय. किती घरांतून मी आपल्याच संसाराचा राग घेऊन आत शिरले आणि निवांत होऊन बाहेर पडले. त्यासाठी मी ह्या गावाची ऋणी आहे, आणि सगळ्यांत जास्त वसंतअण्णांची.

ह्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी श्रीकांतचा फोन आला. मागे भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता.

"मावशी, अण्णांनी मला मेल केलाय."

"कुठून?"

"त्यांच्या खोलीतून. मी हॉलमध्येच बसलो होतो पेपर वाचत."

"काय लिहिलंय?"

"सगळं. मैसूरच्या सरोजबाईंचं. आईचंही लिहिलंय खूप. मला ठाऊक नव्हतं असलंसुद्धा. शेवटी म्हणतात, तोंडानं सांगितलं असतं तर तुझ्या आवाजावरून मला सगळं कळलं असतं, आणि तुलाही सावरायला वेळ मिळाला नसता. म्हणून लिहिलं. सावकाश वाच."

"मग तू काय केलंस रे?"

"रडलो स्वल्प. मग उत्तर लिहिलं. मोठं लिहिलं मावशी, आयुष्यात कुणाला एवढं लिहिलं नव्हतं. ते पाठवलं, चपला घातल्या आणि गांधी बझारला आलो."

"भाजी घ्यायला?"

"छे, भाजी काही नकोय. त्यांचं वाचून होईपर्यंत इथं उभा आहे."